मदत हवी आहे : २००५ च्या आधीच्या महापुरांच्या खुणा कुठं सापडतील?

मंडळी नमस्कार. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडात आमच्या जुन्या घराच्या सोप्यात भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या आम्हीच ऑइलपेंटनं मारल्यात. पण त्यांच्या खाली, चुन्याच्या पापुद्र्याआड, खिळ्यानं ओढलेली एक रेघ निघाली. साल नाही, काही नाही. आज्जी म्हणायची, "तवा म्हशी माळावर नेल्या हुत्या." आता म्हशी तर दर पुरात माळावरच जातात!

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची अलीकडची पातळी सगळ्यांना तोंडपाठ आहे. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्याही वर. पण ते आकडे कोल्हापूरचे. आमच्याकडं पंचगंगा उतरायला लागली तरी कृष्णा फुगलेली असली की पाणी तुंबून राहतं, आठ-आठ दिवस हलत नाही. त्यामुळं तिथल्या फुटांवरून इथली रेघ लागत नाही.

तर शिरोळ, नृसिंहवाडी, प्रयाग चिखली, आंबेवाडी भागातल्या कुणाच्या घरात, देवळात, घाटाच्या पायरीवर सालासकट जुनी खूण आहे का? नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पुराचं पाणी शिरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या जुन्या नोंदी कुणी ठेवल्यात का? तलाठ्याकडचे पंचनामे, जुनी वर्तमानपत्रं, काहीही चालेल. फोटो काढताना शेजारी टेप धरा, नाहीतर उंची कळत नाही. पुढच्या महिन्यात गिलावा काढायचाय, त्याआधी कळलं तर बरं होईल.