सोयाबीनचं भुसकट रानातच जिरवायचंय, हरभऱ्याआधी गाडू का?

शिवार_औसा:
राम राम मंडळी. औसा तालुक्यात साडेतीन एकर काळं रान आहे. दोन एकरांत चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर असं आहे, दीड एकर निव्वळ सोयाबीन होतं. परवा रास झाली. बांधाला भुसकटाचा ढीग पडलाय, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या सहज भरतील. घरी म्हशी होत्या तोवर त्या खायच्या. आता दावणच रिकामी, म्हणून गेल्या साली पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी राख बाजूला केली तर खालची माती भाजून तांबूस झालेली. ते बघून जीव हळहळला. यंदा काडी लावायची नाही हे नक्की. निव्वळ सोयाबीनच्या दीड एकरात पसरून रोटाव्हेटर मारावा आणि आठ दिवसांत हरभरा पेरावा असं मनात आहे. जमेल का?

मांजराकाठ:
दादा, काडी लावणार नाही म्हणालात, लई बरं वाटलं. पण हरभऱ्याच्या तोंडावर गाडू नका. मी हेच केलं होतं. आमचं रान केज तालुक्यात. पेरून तीन आठवडे झाले आणि जिथं भुसकट जाड पडलं होतं तेवढाच पट्टा पिवळा. मला वाटलं मर लागली, म्हणजे रोप वाळवणारा बुरशीचा रोग. रोप उपटून मूळ उभं चिरलं, आत मरीची काळी रेघ नव्हती. मुळाभोवतीचं भुसकट मात्र मळणीतून आलं तसंच कोरडं.

काड कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते मातीतलंच उचलतात. कुजून झालं की परत देतात, पण तोवर रोप उपाशी. हरभरा स्वतःचं नत्र धरतो, ते मुळावर गाठी आल्यावर. शिवाय गाडलेल्या भुसकटानं रान पोकळ राहतं, बी ओलीला चिकटत नाही. आपला हरभरा तर नुसत्या ओलीवरच येतो.

आता मी निम्मं भुसकट तुरीच्या ओळींत पसरते. चार बोटं जाड, खोडापासून वीतभर लांब. मार्गशीर्षात शेंगा भरताना एकदा हातानं उचलून बघा. खाली माती गार, भुसभुशीत, आणि काडाला पांढरे तंतू लागलेले. शेजारच्या उघड्या पट्ट्यात मात्र हात जाईल एवढी भेग.

उरलेल्या निम्म्याचा ढीग लावते. वीतभर थर, त्यावर शेणकाला, मूठ-मूठ माती, पुन्हा थर. उसाच्या पाचटाला टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सुपर फॉस्फेट सांगतात, तेच माप मी धरते. महिन्याला एकदा खालीवर करायचं. मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. नीट ओल राहिली तर मे महिन्यात काळं खत हाती येतं.

रेणापूरकर:
ताईंचं खरं आहे. माझी भर एवढीच की ढीग पावसाळ्यात रानात राहू देऊ नका. 2022 च्या जून-जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडं गोगलगायींनी सोयाबीनचं काय केलं ते आठवतंय ना? दिवसा त्या अशाच ओल्या काडीकचऱ्याखाली बसतात. तुरीतलं आच्छादन पण मृगाआधी मातीत मिसळून टाका.

शिवार_औसा:
बोअर फेब्रुवारीपर्यंतच चालतो. पुढं ढिगाला पाणी कुठलं? आणि तुरीत पाच-सहा झाडं मरीनं वाळलीत, ती पण ढिगात टाकू का?

मांजराकाठ:
ती टाकू नका. मुळासकट उपटून रानाबाहेर नेऊन जाळा, मरीची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. एवढ्याला काडी लावली तर चालतं. पाण्याचं म्हणाल तर ढीग झाडाच्या सावलीत लावा, फेब्रुवारीत शेवटचं चांगलं भिजवा आणि वरून शेणमातीनं लिंपून घ्या, ओल कोंडून राहते. तरी काही काड कच्चं राहिलंच तर ते शेतात नेऊ नका, पुढच्या ढिगाच्या तळाला घाला. कच्चं खत गेलं की मुळं खाणारी हुमणी अळी पाठोपाठ येते.

शिवार_औसा:
ठरलं ताई. हरभरा मोकळ्या रानात पेरतो. तुरीत उद्यापासून पसरायला लागतो, दोन ओळी मुद्दाम उघड्या ठेवतो. मार्गशीर्षात दोन्हीकडची माती उकरून फोटो टाकतो.

मांजराकाठ:
सकाळी दवात पसरा, वाऱ्यानं उडत नाही. आणि नाकाला फडकं बांधा, सोयाबीनची धूळ लई वाईट.