पोलिलूर १७८०: कर्नल बेली खरंच इतका मठ्ठ होता का?

तोफखाना (धागाकर्ता)

१० सप्टेंबर १७८० ला कांचीपुरमजवळ पोलिलूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल विल्यम बेलीच्या जवळपास ३,८०० माणसांच्या फौजेचा हैदर अली आणि टिपूने चुराडा केला. बेली पायाला जखम होऊन हाती लागला आणि नोव्हेंबर १७८२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या कैदेत मेला. या लढाईचा विषय निघाला की निकाल ठरलेला असतो: बेली मठ्ठ, त्याचा वरिष्ठ हेक्टर मन्रो भित्रा, म्हणून हैदर जिंकला.

मला हा निकाल पटत नाही. बेलीचा पुळका आलाय असं नाही. पण त्याला मठ्ठ ठरवण्याची घाई मुळात इंग्रजांना होती. आमचा माणूस चुकला असं म्हटलं की समोरच्याने आपल्याला हरवलं हे कबूल करावं लागत नाही. आपण तेच उचलतो आणि हैदरचा विजय स्वस्त करून टाकतो.

क्रम बघा. बेली मन्रोला मिळायला गुंटूरहून सुमारे २,८०० माणसं घेऊन निघाला. २५ ऑगस्टला कोरतलैयार नदीवर पोचला, पात्र जवळजवळ कोरडं, म्हणून उद्या उतरू म्हणत अलीकडेच मुक्काम केला. रात्रीत पाऊस झाला, नदी फुगली आणि सप्टेंबरचे तीन-चार दिवस उलटेपर्यंत तो तिथेच अडकला. इथे नशीब नडलं, मान्य. त्यानंतरचं मात्र नशीब नव्हे. हैदरने अर्काटचा वेढा उठवून स्वतः कांचीपुरमला आलेल्या मन्रोसमोर ठाण मांडलं आणि टिपूला बेलीवर सोडलं. ६ तारखेला पेरंबाक्कमला टिपूने त्याला अडवलं. त्या दिवशी निर्णायक काही झालं नाही, पण पुढे सरकण्याची ताकद संपली. बेलीने मन्रोला कळवलं, मला येता येत नाही, तुम्हीच या. दोन इंग्रज फौजा एका दिवसाच्या चालीवर असून हैदरने त्यांची गाठ पडू दिली नाही. याला समोरच्याचा मठ्ठपणा म्हणायचं की याचं कसब?

कावेरीकाठ

सपशेल असहमत. ९ तारखेच्या रात्रीबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, आणि सगळं तिथेच आहे. त्या सकाळी कर्नल फ्लेचर हजारभर निवडक माणसं घेऊन बेलीला येऊन मिळाला होता. रात्री कूच सुरू झालं. थोडंसं अंतर कापलं आणि बेलीने उजाडेपर्यंत थांबायचा हुकूम दिला. मन्रो काही कोसांवर, अंधाराचा आडोसा, शत्रूचं घोडदळ रात्री फारसं कामाचं नाही, आणि हा थांबतो! बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही ते पटलं नव्हतं. त्या काही तासांत टिपूने वाटेवर तोफा रोवल्या आणि हैदरला आपली मुख्य फौज आणता आली. हा मुक्काम बेलीने स्वतःच्या डोक्याने केला. हैदरने त्याला आग्रह केला नव्हता.

मधलीआळी

बेली-बेली काय करताय, खरा आरोपी मन्रो. बक्सारचा विजेता म्हणून मिरवणारा हा माणूस. हैदर जुलैतच घाट उतरून कर्नाटकात (म्हणजे तेव्हाच्या तमिळ मुलखात) आला होता, तेव्हा दोन्ही फौजा मद्रासजवळ एकत्र करा असं इंग्रज अधिकारी लॉर्ड मॅक्लाउड सांगत होता. मन्रोने हट्टाने कांचीपुरम निवडलं, म्हणजे जिथे हैदर फिरतोय तिथेच. बेलीची चिठ्ठी आली तेव्हा याच्यापाशी पाचेक हजार माणसं होती. स्वतः हलला नाही, फ्लेचरला पाठवून मोकळा झाला. १० तारखेला तोफांचे आवाज ऐकून निघाला, अर्ध्या वाटेतून परतला, जड तोफा कांचीच्या देवळाच्या तळ्यात टाकल्या आणि चेंगलपट्टू गाठलं.

(अवांतर: जानेवारी १७७९ मध्ये आपल्याकडे तळेगावच्या तळ्यात इंग्रजांनी तोफा टाकल्या, १७८० मध्ये कांचीच्या. कंपनीच्या तोफखान्याला पाण्याची ओढ भारी.)

घाटावरचा

अवांतर कसलं, तिथेच तर मजा आहे. त्या तळेगावच्या मोहिमेचे इंग्रज प्रमुख एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नाक, वडगावच्या तहानंतर तिघांनाही कंपनीने बडतर्फ केलं. पोलिलूरनंतर मन्रोचं काय झालं? १७८१ मध्ये नागपट्टणम घेणाऱ्या मोहिमेवर हाच प्रमुख! कारण बोलणार कोण? फ्लेचर रणात मेलेला, बेली बेड्यांत. जबानी द्यायला एकटा मन्रो उरला. बेलीच्या वाट्याला एवढा दोष येतो त्यातला बराचसा गैरहजेरीमुळे आहे, असं माझं मत.

तोफखाना

@घाटावरचा, अगदी हेच.

@मधलीआळी, मन्रो हलला नाही हे खरं, पण का? त्याचं धान्य कांचीच्या देवळात होतं. बाहेर काही मिळण्याची सोय नव्हती, कारण हैदरच्या स्वारांनी मुलूख जाळून उजाड केला होता. धान्य सोडून निघालं तर फौज उपाशी, घेऊन निघायला बैल नाहीत. ही कोंडी हैदरनेच केलेली. शिवाय वाटाड्यांचं बघा. फ्लेचरला रस्ता दाखवणाऱ्यांचा संशय आला, त्याने ऐनवेळी वाट बदलली म्हणून तो बेलीपर्यंत पोचला. मन्रोच्या छावणीत काय चाललंय हे हैदरला कळत होतं, हैदरच्या छावणीत काय चाललंय हे मन्रोला नाही. फ्लेचर निसटला तेव्हा हैदरच्या पदरचे फ्रेंच अधिकारी बिचकले, दोन्हीकडून घेरले जाऊ म्हणाले. हैदर थांबला, कारण मन्रो तयारीत नाही ही त्याच्या हेरांची पक्की खबर होती.

@कावेरीकाठ, रात्रीचा मुक्काम ही चूक, वाद नाही. पण दिवसेंदिवस छळलेल्या, तोफा आणि जखमी ओढत नेणाऱ्या फौजेचा सेनापती अनोळखी रानात अंधारात पांगापांग होईल या भीतीने थांबला, तर त्याला चूक म्हणावं. मठ्ठपणा हा वेगळा आरोप आहे.

नवाभिडू

बाणांचं (रॉकेटचं) काय? टिपूच्या बाणांनी बेलीचे दारूगाडे उडवले आणि लढाई फिरली असं सगळीकडे वाचलंय. मग त्यात बेलीचा दोष तो काय?

कावेरीकाठ

म्हैसूरकरांकडे लोखंडी नळ्यांचे बाण होते आणि ते वापरले गेले, इथपर्यंत ठीक. दारूगाडे उडाले हेही खरं, आणि त्यानंतर बेलीपाशी मारा करायला काही उरलं नाही. पण ते बाणाने उडाले की तोफगोळ्याने यावर एकमत नाही. ‘भारतीय रॉकेटने इंग्रज हरले’ हे वाक्य फॉरवर्ड करायला सोपं पडतं, एवढंच. दारू संपल्यावरही बेलीच्या फौजेने रचलेल्या चौकोनाने हल्ल्यामागून हल्ले संगिनींवर परतवले. बेलीला शूर म्हणा, माझी हरकत नाही. सेनापती म्हणून तो उणा पडला.

वैदेही_सातारा

दोन्ही बाजू लढाईच्या नकाशात अडकल्यात, म्हणून विचारते. बेलीने शरणागतीची खूण केल्यावरही कत्तल चालू राहिली, त्याचं काय? ८६ युरोपीय अधिकाऱ्यांपैकी ३६ मेले, ३४ जखमी होऊन पकडले गेले, धडधाकट हाती लागले फक्त १६. फ्रेंच अधिकारी मध्ये पडले म्हणून तेवढे तरी वाचले. पुढे कैदेत साखळदंड, आजार, कोवळ्या पोरांची सक्तीने धर्मांतरं. आणि मेलेल्या देशी शिपायांची तर अशी पदवार मोजदादही सांगितली जात नाही. फौजेत बहुसंख्य तेच होते. हैदरच्या कसबाचं कौतुक जरूर करा, पण हा हिशेबही मांडा.

मधलीआळी

ताई, मुद्दा बरोबर, पण कैद्यांचे हाल ही त्या काळाची रीत होती. इंग्रजांनी काय कमी केलं?

वैदेही_सातारा

रीत होती म्हणून मांडायचं नाही असं थोडंच आहे? इंग्रजांचंही मांडा, मी कुठे अडवलंय. माझा आक्षेप विजेत्याच्या चित्रावर इतिहास उभा करण्याला आहे. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेच्या भिंतीवर टिपूने ही लढाई रंगवून घेतली. त्यात हैदर आणि टिपू शांत, आणि चौकोनाच्या मधोमध पालखीत बेली तोंडात बोट घालून बसलाय. मागे दारूगाडा फुटतोय. चित्र अप्रतिम आहे, पण तोंडात बोट घातलेला बेली हा टिपूचा बेली आहे. म्हणजे त्याला खुळा दाखवण्यात फक्त इंग्रजांचा फायदा होता, हे धागाकर्त्याचं म्हणणं लंगडं पडतं. टिपूलाही तो तसाच हवा होता.

तोफखाना

हा मुद्दा मला आवडला, पण माझ्या म्हणण्याला तो धक्का लावत नाही. टिपूच्या चित्रात बेली भेदरलेला आहे, आणि तो का भेदरलाय हेही शेजारीच काढलंय: चहूबाजूंनी आलेली फौज. इंग्रजी वर्णनांत ही फौजच धूसर होते.

कावेरीकाठ

मग एवढ्या कसबी हैदरने मन्रोला जाऊ कसं दिलं? ११ सप्टेंबरला मन्रो उघड्यावर, तोफा तळ्यात, पोटात अन्न नाही, चेंगलपट्टूच्या वाटेवर. त्याच वेळी पूर्ण ताकदीने त्याच्यावर पडला असता तर मद्रासला फौज म्हणून काही उरलं नसतं. हैदर गेला परत अर्काटच्या वेढ्याला. अर्काट पडायला नोव्हेंबर उजाडला, आणि त्याच सुमारास इंग्रज सेनापती आयर कूट बंगालमधून कुमक आणि पैसा घेऊन मद्रासला उतरला. १ जुलै १७८१ ला पोर्टो नोव्होला त्याच कूटने हैदरला हरवलं. बेली नुसती रात्र थांबला, हैदर दोन महिने.

घाटावरचा

हैदर एकट्याच्या जिवावर मद्रासवर जाणार नव्हताच. १७८० चा बेत नाना फडणविसांचा होता: हैदरने मद्रास धरायचं, निजामाने उत्तर सरकार (आंध्रचा किनारी मुलूख), नागपूरकर भोसल्यांनी बंगाल, आणि पुण्याने मुंबईकर इंग्रजांना गुंतवायचं. गुंटूर परत मिळताच निजाम गार पडला. भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेली, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पैसे चारले आणि ती तिथेच बसली. पोलिलूरचं चीज झालं नाही याचा जाब फक्त हैदरला का?

कावेरीकाठ

आणि पुणे? मे १७८२ मध्ये इंग्रजांशी सालबाईचा तह केला, त्यात हैदरने जिंकलेला मुलूख परत करावा याची हमी पेशव्यांनी घेतली. ज्याने बेलीला पकडला त्याला विचारलंही नाही.

घाटावरचा

तह महादजींच्या मध्यस्थीने झाला. नानांनी त्याला मंजुरी द्यायला डिसेंबरपर्यंत वेळ काढला, आणि ७ डिसेंबरला हैदर वारला. तोवर नाना त्याला वाऱ्यावर सोडायला राजी नव्हते, असाच याचा अर्थ मी लावतो.

कावेरीकाठ

मी उलट लावतो. मंजुरी लोंबकळत ठेवून नाना दोन्हीकडून भाव वाढवत होते. सालबाईवर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर भांडू.