खोल समुद्रतळावरचे सायफोनोफोर : आधी पाहणी की आधी खाणकाम?

अजिंक्यतारा (सातारा)

माझं मत आधीच मांडतो. समुद्रतळावर जिथे खाणकाम करायचं ठरेल, तिथल्या तळाचं कॅमेऱ्यानं जवळून चित्रण व्हावं, ते सगळ्यांना पाहायला खुलं व्हावं आणि मगच यंत्र उतरावं. नुसती जाळी ओढून आणि गाळाचे नमुने काढून केलेली जीवगणना त्यासाठी पुरेशी धरू नये.

असं का म्हणतो? ऱ्होडॅलिडी नावाच्या एका कुळामुळे. सायफोनोफोर म्हटलं की आपल्याला पावसाळ्यात जुहूच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वाहून येणारा निळा फुगा आठवतो, ज्याच्या दोऱ्या पायाला लागल्या की आग होते. त्याचेच हे भाऊबंद, पण वाहत न जाणारे. वर वायूने भरलेला छोटा फुगा, त्याच्याखाली पोहण्याच्या घंटांचं कडं, त्याखाली खाणारे, शिकार पकडणारे आणि प्रजननाचे असंख्य अवयव दाटीने लागलेले. काही लांब दोऱ्यांनी हा प्राणी तळाला स्वतःला बांधून घेतो आणि तळापासून जरासा वर तरंगत राहतो. झेंडूच्या फुलाएवढा, काही जातींत रंगही तसाच पिवळा-केशरी. १९७७ साली गालापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर गरम पाण्याचे झरे सापडले, तेव्हा 'अल्विन' पाणबुडीतल्या संशोधकांना तिथे असाच एक दिसला. पुढे १९८३ साली त्याचं थर्मोपॅलिया असं नामकरण झालं.

आता मुद्दा असा की हा प्राणी जाळ्यात येत नाही. म्हणजे येतो, पण तुकडे होऊन. याच कुळातल्या प्राण्यांचं वर्णन अर्न्स्ट हेकेल यांनी १८८८ सालीच केलं होतं, 'चॅलेंजर' जहाजाने आणलेल्या नमुन्यांवरून. पण ते तळाला कसे बांधून राहतात हे डोळ्यांनी दिसलं ते पाणबुड्या उतरल्यावर. याहून बोलकं उदाहरण डेंड्रोग्रामाचं. १९८६ साली ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ तळावरून छत्रीसारखे काही जीव मिळाले. २०१४ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा ते प्राणिसृष्टीच्या कुठल्याच संघात (म्हणजे मोठ्या मूळ गटात) बसत नव्हते, अगदी नवा संघ मानावा का इथपर्यंत चर्चा गेली. २०१६ साली जनुकीय तपासणी झाली आणि कळलं की ते अख्खे प्राणी नव्हेतच, ऱ्होडॅलिड सायफोनोफोराच्या अंगावरून गळलेली संरक्षक पानं आहेत! बरणीतल्या नमुन्यावर तीस वर्षं अशी जात असतील, तर 'इथे विशेष काही आढळलं नाही' असं लिहिणाऱ्या अहवालावर मी विश्वास कसा ठेवू?

कृष्णाकाठ (सांगली)

सर, माहिती मनापासून आवडली. निष्कर्षाशी मात्र अजिबात सहमत नाही.

डेंड्रोग्रामाचं कोडं सुटलं कसं ते सांगायचं राहिलं. जुने नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्याने जनुकीय तपासणीला निकामी होते. २०१५ साली ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज पुन्हा समुद्रात गेलं, ताजे नमुने मिळाले, तेव्हा उत्तर मिळालं. म्हणजे जहाज गेलं म्हणून कळलं. जहाज न्यायला पैसे लागतात आणि ते पैसे निव्वळ सायफोनोफोरांसाठी कुणी देत नाही. आपल्या सरकारने २०२१ साली डीप ओशन मिशनला मंजुरी दिली ती ४,०७७ कोटींची. तिघांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी 'मत्स्य ६०००' त्यातूनच उभी राहतेय. या सगळ्यामागे निकेल, कोबाल्ट, तांबं आहे हे उघड आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. धातूंचा रस्ता बंद केलात तर तुमच्या प्राण्याला पाहायला जाणारी पाणबुडीही बंद होईल.

दुसरं, समुद्रात नको म्हटलं तर खाण जमिनीवर होणार. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो, तिथे लहान पोरं हातानं खडक फोडतात. जमिनीवरचा प्रकल्प म्हणजे माणसं उठवणं, हे सातारकरांना मी सांगायला नको. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या अजून पुनर्वसनासाठी बसल्यात. पाच किलोमीटर खोल पाण्यात निदान कुणाचं घर जात नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

कोयनेचं दुःख मीही जवळून पाहिलंय, त्यामुळे तो मुद्दा हलका समजत नाही. पण 'तिथे कुणी नाही' हेच वाक्य आपण आपल्या सड्यांबद्दलही, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांबद्दलही, ऐकलं होतं. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा तो कागदावर खडकाळ पडीकच होता. २०१८ साली तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, त्यामुळे सरडे जास्त, आणि ते सरडे माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नाहीत. त्या सड्यावरच्या देखण्या सरड्याचं, 'सरडा सुपर्बा'चं, शास्त्रीय वर्णनच मुळी २०१६ साली झालं. पाती फिरायला लागली तेव्हा त्याला नावही नव्हतं. स्वच्छ ऊर्जा हवीच, माझा विरोध नाही. मी फक्त क्रम बदला म्हणतोय.

सडावाघापूर (पाटण)

आमच्या घरातला माणूस पवनचक्कीच्या देखभालीवर कामाला आहे, म्हणून लिहिते. दादा, त्या अभ्यासात सड्याचं वाटोळं झालं असं कुठंच म्हटलेलं नाही, साखळी बदलली असं म्हटलंय. आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे आधी सरड्याचं बारसं व्हायची वाट बघितली असती, तर रस्ता आणि रोजगार आमच्याकडं कधी आला असता? पाहणीला मुदत हवी. मुदत नसलेली पाहणी म्हणजे नकारच असतो, तो सरळ तोंडावर द्यावा.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, मुदत हवी हे मान्य. पण मुदत संपली की उतरायचंच, असं आधीच ठरलेलं नसावं.

प्रयोगवही (मिरज)

मी प्राणिशास्त्र शिकवते. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगायचंय.

भारताचे करार एकाच प्रकारचे नाहीत. मध्य हिंदी महासागरात नोड्यूलसाठी, म्हणजे तळावर पडलेल्या धातुयुक्त गोळ्यांसाठी, ७५,००० चौरस किलोमीटर आहेत, सपाट गाळाचा तळ, सुमारे पाच हजार मीटर खोल. तिथे १९९७ साली आपल्याच शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ ढवळून परिणाम तपासले होते आणि २०२१ साली 'वराह' हे यंत्र ५,२७० मीटरवर चालवून पाहिलं. दुसरा करार २०१६ सालचा, दहा हजार चौरस किलोमीटरचा, समुद्रातल्या डोंगररांगांवर, जिथे गरम झऱ्यांनी सल्फाइडचे, म्हणजे धातू आणि गंधकाच्या खनिजांचे, थर साचवलेत. ऱ्होडॅलिड जगात जिथे जिथे नोंदले गेले ते मुख्यतः उतारांवर आणि अशा झऱ्यांजवळ. 'यागो' पाणबुडीतून इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिकेजवळ पाहून तीन नव्या जातींचं वर्णन २००५ साली झालं, म्हणजे हिंदी महासागराच्या दोन्ही कडांना हे कूळ आहे. पण नोड्यूलच्या पठारावर ते आहेत याचा पुरावा आज आपल्यासमोर नाही. नोड्यूलच्या खाणीविरुद्ध या प्राण्याला साक्षीदार म्हणून उभं करणं मला ताणलेलं वाटतं. सल्फाइडच्या बाबतीत तो मुद्दा भक्कम आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

हेच म्हणतोय मॅडम. शिवाय एक शंका. हा मुळात एक प्राणी आहे की वसाहत? तुटलेले तुकडे जगत असतील, नवे फुटत असतील, तर एवढी काळजी कशाला?

प्रयोगवही (मिरज)

नाही हो, तसं होत नाही. सगळी वसाहत एकाच फलित अंड्यातून येते. पहिल्या जीवाला कळ्या फुटतात आणि प्रत्येक कळी एकाच कामाला लागते. खाणाऱ्याला पोहता येत नाही, पोहणाऱ्याला तोंड नसतं. मधमाश्यांच्या पोळ्यातली माशी निदान स्वतः उडते आणि खाते, इथे सुटा झालेला घटक फार काळ तग धरू शकत नाही. त्यात हा तळाला बांधलेला आणि तळाच्या अगदी लगत. यंत्राने उडवलेला बारीक गाळ जिथे उतरणार, तिथेच त्याच्या शिकारीच्या दोऱ्या पसरलेल्या असतात.

अजिंक्यतारा (सातारा)

मॅडम, गाळाच्या मुद्द्याबद्दल आभार. पण 'पठारावर पुरावा नाही' यावर अडतोय. जे कूळ जाळ्यात तुकड्यांनीच येतं, त्याचा पुरावा जिथे पाणबुडी जवळून फिरली तिथलाच असणार ना? पेरू देशाजवळच्या समुद्री खोऱ्यात १९८९ साली चार हजार मीटरच्या खाली प्रयोग म्हणून तळ नांगरून ठेवला होता. २०१५ साली पुन्हा कॅमेरा गेला तेव्हा नांगराचे चर तसेच होते. नोड्यूल दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. तिथे चुकलं तर दुरुस्तीला वाव नाही, म्हणून पुराव्याचा भार यंत्र उतरवणाऱ्यावर हवा.

प्रयोगवही (मिरज)

अनुपस्थिती सिद्ध करा असं म्हटलं तर कुठलंच काम कधी सुरू होणार नाही. किती क्षेत्राचं, तळापासून किती उंचीवरून, किती वेळा चित्रण, हे आधी लिहून ठरवलं पाहिजे. तेवढं झालं की निर्णय घ्यावा लागेल, मग तो मला न आवडणारा का असेना.

कृष्णाकाठ (सांगली)

एवढ्यावर मी यायला तयार आहे. सल्फाइडच्या पट्ट्यात, चालू गरम झऱ्यांच्या आसपास, आधी चित्रण आणि तोवर यंत्र नाही. नोड्यूलच्या पठारावर चाचण्या थांबवू नयेत, त्याच चाचण्यांत कॅमेरे वाढवावेत. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे खाणकामाचे नियम अजून पक्के झालेले नाहीत, तोवर चाचण्याच चालणार आहेत. तो वेळ वाया का घालवायचा?

अजिंक्यतारा (सातारा)

पठाराबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण जे चित्रण आजवर झालंय ते तरी खुलं करा, ही मागणी आपण तिघेही करू शकतो. सरकारी पैशातून काढलेली तळाची चित्रं शाळा-कॉलेजांपर्यंत पोहोचली, तर मॅडमचे विद्यार्थीच त्यात शोधतील. मी अर्जाचा मसुदा करायला घेतोय. त्यात 'किती उंचीवरून' हा आकडा मॅडमनी सुचवावा.

प्रयोगवही (मिरज)

सुचवते. रविवारपर्यंत वेळ द्या, आणि सल्फाइड व नोड्यूल यांच्या मागण्या वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा.