'बॅलट इनिशिएटिव्ह' आणि 'फिस्कल इम्पॅक्ट' यांना मराठीत काय म्हणावं?

फ्रीमाँटकर
सासूबाई आता इकडच्या नागरिक झाल्या आहेत आणि या खेपेला पहिल्यांदाच मत देणार आहेत. कॅलिफोर्नियाची मतदार पुस्तिका हिंदीत मिळते, मराठीत नाही. त्यामुळे मी त्यांना वाचून समजावतो. उमेदवारांचं काही अडत नाही, अडतं ते प्रॉपोझिशनांपाशी, म्हणजे मतदारांच्या होकार-नकारासाठी मतपत्रिकेवर येणाऱ्या प्रस्तावांपाशी. मी 'सार्वमत' म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "म्हणजे गोव्यात झालं तसं?" तसं नाही, एवढं मला कळतं. मग काय म्हणू? आणि प्रत्येक प्रस्तावाखाली 'फिस्कल इम्पॅक्ट' असतो, त्याला काय शब्द आहे?

म्हापसेकर
त्यांची शंका रास्त आहे. १६ जानेवारी १९६७ ला आमच्याकडे जो कौल घेतला, त्यात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. पण तो प्रश्न संसदेने कायदा करून विचारला होता, गोंयकारांनी फक्त उत्तर दिलं. ते सार्वमत, किंवा आम्ही म्हणतो तसा जनमत कौल. कॅलिफोर्नियात १९११ पासून प्रश्नसुद्धा लोकांना मांडता येतो. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या जमवल्या तर साधा कायदा आणि ८ टक्के जमवल्या तर राज्यघटनेतली दुरुस्ती थेट मतपत्रिकेवर येते. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत याला 'उपक्रम' म्हणतात, पण शाळेचं वृक्षारोपणही उपक्रमच असतं. मला 'जनप्रस्ताव' बरा वाटतो.

वाईकर
याच्या सर्वांत जवळची आपल्याकडची गोष्ट म्हणजे आडवी बाटली. गावातल्या २५ टक्के मतदार महिलांनी सह्यांचा अर्ज दिला की दारूच्या दुकानावर मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आणि नुसतं झालेल्या मतदानात बहुमत मिळून भागत नाही, एकूण मतदार महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. सासूबाईंना हे उदाहरण द्या, लगेच कळेल. सह्या, प्रश्न, मत, अंमल असा सगळा क्रम त्यात आहे. पैशाची बाजूही आहे, कारण दारूवरचं उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं आणि त्रास गावाच्या वाट्याला येतो.

जमाखर्च
माझी नोकरी नगरपालिकेच्या लेखा विभागात झाली, म्हणून दुसऱ्या शब्दावर लिहितो. 'राजकोषीय परिणाम' बरोबर आहे, पण घरात कुणी असं बोलत नाही. 'तिजोरीवरचा परिणाम' म्हणा, आणि लगेच विचारा, कोणाच्या तिजोरीवर? सगळी मेख तिथे आहे.

१९७८ चं प्रॉपोझिशन १३ घ्या. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी सह्या जमवून ते आणलं आणि सुमारे ६५ टक्के मतांनी ते मंजूर झालं. त्याने मालमत्ता कर आकारणी मूल्याच्या, म्हणजे करासाठी धरलेल्या किमतीच्या, १ टक्क्यावर बांधला. हे मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. घर विकलं गेलं की मात्र ते नव्या किमतीला येतं. म्हणून इथे 'बाजारभाव' आणि 'आकारणी मूल्य' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांना अनेक पट वेगळा कर लागतो तो याच फरकामुळे.

मालमत्ता कर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), शहरं आणि शाळा यांचा होता. त्याचं उत्पन्न एकदम निम्म्याहून खाली आलं. राज्याने शिलकीतून मदत केली, पण त्याबरोबर पैसे वाटण्याचा अधिकारही सॅक्रामेंटोकडे, म्हणजे राज्याच्या राजधानीकडे गेला. मुंबईची जकात २०१७ मध्ये गेली आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसू लागली, तेव्हा मला याची फार आठवण झाली. आपल्याकडे तो निर्णय विधिमंडळांनी घेतला, तिकडे मतदारांनी, पण स्थानिक संस्थेच्या हातातून स्वतःचं उत्पन्न दोन्हीकडे गेलं. आपण त्यांना 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणतो. स्वतःचा कर नसेल तर त्यातल्या 'स्वराज्य' या शब्दात फारसं काही उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

फ्रीमाँटकर
आमच्या करबिलावर 'मेलो-रूस' नावाची वेगळी ओळ येते. तिचा याच्याशी संबंध आहे का?

जमाखर्च
थेट आहे. नव्या वसाहतीचे रस्ते, शाळा, बागा बांधायला १ टक्का पुरेना, म्हणून १९८२ मध्ये तो कायदा केला. वसाहतीपुरता विशेष कर लावायचा आणि त्यावर कर्ज काढायचं. बे एरियात नवं घर घेणारी आपली बरीच मंडळी तो भरतात. तेव्हा 'करकपात' शब्दापुढे 'कोणासाठी' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०२० च्या प्रॉपोझिशन १५ ने मोठ्या व्यापारी मालमत्तांची आकारणी बाजारभावाने करायचं म्हटलं होतं, ते थोडक्यात पडलं. मला त्याची आजही हळहळ वाटते.

म्हापसेकर
कोलोरॅडोतही असंच आहे ना?

जमाखर्च
तिथे १९९२ मध्ये मतदारांनी 'टेबर' (टॅक्सपेअर्स बिल ऑफ राइट्स) ही घटनादुरुस्ती आणली. सरकारचं उत्पन्न महागाई आणि लोकसंख्या यांच्या वाढीपेक्षा जास्त वाढलं, तर वरचे पैसे करदात्यांना परत. याला 'परतावा' म्हणा, 'सवलत' नको. सवलत सरकार देतं, इथे सरकारला पैसे ठेवून घ्यायला मतदारांची परवानगी लागते.

वाईकर
आणि बॉन्ड? बऱ्याच भाषांतरांत 'शाळांसाठी निधी' असं दिसतं.

जमाखर्च
तो शब्द टाळाच. निधी म्हणजे हातात असलेला पैसा, बॉन्ड म्हणजे कर्जरोखे. २०२४ च्या प्रॉपोझिशन २ मध्ये शाळांसाठी १० अब्ज डॉलर होते. तो प्रस्ताव सह्यांनी नव्हे, विधिमंडळाने मतपत्रिकेवर ठेवला होता, म्हणून त्याला जनप्रस्ताव म्हणू नका. विधिमंडळाच्या वित्तविश्लेषकांनी पुस्तिकेत परतफेडीचा अंदाज दिला होता, वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर, ३५ वर्षं. ते राज्याच्या तिजोरीतून फिटतं. तुमच्या शाळा जिल्ह्याचे (तिथल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे) कर्जरोखे मात्र ५५ टक्के मतांनी मंजूर होऊ शकतात आणि ते फिटतात तुमच्याच मालमत्ता करातून, त्या १ टक्क्याच्या वर. सासूबाईंना दोन्हींसाठी 'कर्ज' हाच शब्द सांगा, आणि कोण फेडणार ते प्रत्येक वेळी वेगळं सांगा.