प्रबंध हवामान धोरणावर, पण वास्कोचा कोळसा त्यात बसतो का?

डिचोलीची_पोर: मंडळी, एमएचा प्रबंध करतेय, विषय हवामान धोरण. गाईड म्हणतात कार्बनवरच रहा, हवेच्या प्रदूषणात शिरलीस तर पसारा होईल. पण गोव्यात बसून हवामान धोरण लिहायचं आणि कोळशाच्या धुळीबद्दल चकार शब्द नाही, हे मला पटत नाहीये. दोन्ही कसं जोडायचं आणि कोणावर अन्याय होतो ते कुठून पकडायचं? कोणी वाचलंय का यावर?

सड्यावरचा: गाईड अर्धे बरोबर आहेत. कार्बन डायऑक्साइड जगभर मिसळतो, शेकडो वर्षं टिकतो, कुठूनही सोडा हिशोब एकच. धूळ मात्र काही दिवसांत खाली बसते, म्हणजे जो जवळ राहतो तोच ती खातो. आता बघ, वास्कोच्या मुरगाव बंदरात कोळसा उतरतो, वॅगनमधून घाट चढतो आणि जळतो कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यात. कार्बन मोजतात जळतो तिथे, त्यामुळे गोव्याच्या खात्यावर त्या कोळशाचं जवळजवळ काहीच पडत नाही, आणि धूळ बंदराजवळच्या बायणा-सड्याच्या गॅलरीत (ती बहुतेक जाड, पीएम १० वाली, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण). नुसता कार्बनचा तक्ता बघून धोरण केलं तर आम्ही त्यात दिसतच नाही. २०२० च्या नोव्हेंबरात चांदोरला लोक रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध रात्री रुळावर बसले ते काय कार्बनसाठी? माझ्या मते तुझा प्रबंध इथेच आहे.

फेरीबोट: वरचं मान्य, पण एका दगडात दोन पक्षी दरवेळी पडतात असं धरून चालू नको. युरोपात कार्बन कमी म्हणून डिझेल गाड्यांना करात सवलती दिल्या आणि शहरांत नायट्रोजन डायऑक्साइडने लोक हैराण. उलट चुलीऐवजी गॅस दिला की बाईच्या डोळ्यातला धूर जातो, गॅस खनिज इंधन असला तरी. औष्णिक वीज प्रकल्पांच्या धुरातल्या गंधकाचं बघ, २०१५ मध्ये केंद्राने नियम केले, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक प्रकल्पांना त्यातून सूटच. तरी आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानावरची शास्त्रज्ञांची समिती) २०२२ च्या अहवालात आहे की उत्सर्जन कमी केल्याने हवा सुधारून तब्येतीचा जो फायदा होतो तो खर्चाच्या तोडीचा, कदाचित जास्तच. हे गाईडच्या टेबलावर ठेव, गप्प बसतील 😄

कुडचडेकार: बाय, एक बाजू राहतेय. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये लोहखनिजाच्या ८८ खाण-लीज रद्द केल्या, मार्चपासून खाणी बंद, आमच्या रस्त्यावरची लाल धूळ गेली, खरंच गेली. पण दारात ट्रक उभा आणि बँकेचा हप्ता चालू, गॅरेजवाला, टायरवाला, चहाचा गाडा सगळे बसले. धूळ खाणारे आणि धुळीवर पोट भरणारे एकाच घरात असतात, हे संशोधन करणाऱ्यांना बहुतेक वेळा सुचतच नाही. कोळसा बंद करा म्हणताना वॅगन भरणाऱ्या कामगाराचं काय ते पण लिही, नाहीतर पणजीत बसून लिहिलंय असं वाटेल.

डिचोलीची_पोर: कुडचडेकार, हे डोक्यातच नव्हतं माझ्या. आकडे कुठून घेऊ पण?

सड्यावरचा: राज्य प्रदूषण मंडळाची मोजणी केंद्रं आहेत, त्यांचे आकडे मिळतात. आपली मर्यादा पीएम १० ला वर्षाची सरासरी ६० (घनमीटर हवेत मायक्रोग्रॅम), डब्ल्यूएचओची २०२१ पासून १५, दोन्हींशी ताडून बघ. आणि वर्षाच्या सरासरीवर अजिबात जाऊ नको, जून ते सप्टेंबर पाऊस सगळं धुवून काढतो आणि आकडा गोंडस दिसतो. डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी वेगळे काढ.

फेरीबोट: +१, आणि केंद्र नेमकं कुठे बसवलंय ते आधी जाऊन बघ.