'लाभार्थी' नको, तर मग काय म्हणायचं?

खाडीकाठ
मंडळी, अडलंय. मुंबईतली एक संस्था आहे, लहान गटांना पैसे देते (नाव नको). तिचं सोळा पानी माहितीपत्रक मराठीत करायला माझ्याकडे आलंय. दापोली-गुहागर पट्ट्यातल्या बचत गटांना आणि मासे विकणाऱ्या बायकांच्या गटांना वाटायचंय. मूळ इंग्रजीत दर दोन ओळींनी 'ग्रँटी पार्टनर' येतं, म्हणजे ज्यांना पैसे देतात तो गट. मी डोळे मिटून 'लाभार्थी' केलं.

कच्चा मसुदा हर्णैच्या अलीकडच्या एका वाडीत वाचून दाखवला. तिसऱ्या ओळीला एक मावशी म्हणाली, "लाभार्थी म्हंजे बोर्डावर फोटो असतो तो काय? आमी लाभ मागायला नाय आलो. कामाला पैसे लागतात, ते मागायला आलोय." पुढचं वाचन राहिलंच, चहा झाला.

'अनुदानग्राही' लिहून बघितलं, ग्रहण लागल्यासारखं वाटतं. 'भागीदार' म्हटलं तर वकील मित्र म्हणतो, मग तोट्यातही भाग घ्या. शुक्रवारी छपाईला जायचंय. सुचवा काहीतरी.

माजी कारकून
मावशींचं व्याकरण तुमच्यापेक्षा पक्कं आहे. लाभार्थी = लाभ + अर्थी. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थ्याला विद्या मिळतेच असं नाही, तसंच हे. ज्याला अजून काही मिळालेलं नाही तो खरा लाभार्थी. मिळाल्यावर तो 'लाभधारक' व्हायला हवा, पण यादीत आयुष्यभर लाभार्थीच राहतो.

आणि 'अनुदान'. अनु म्हणजे मागाहून. मी एकतीस वर्षं शिक्षण खात्यात काढली. अनुदान मागाहूनच येतं, शब्दातच लिहिलंय. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतं आणि एकतीस तारखेच्या आत खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र मागतं. शाळेला गळकं छप्पर दुरुस्त करायचं असतं, पैसे आलेले असतात क्रीडासाहित्याचे. एका शाळेत पाच कॅरम बोर्ड होते आणि पावसात ते छपराखाली लावलेले मी स्वतः पाहिलेत.

शब्दवेडी
काका, कॅरम बोर्ड मान्य, व्युत्पत्ती अमान्य. 'अनुज' मधला अनु मागाहूनचा. 'अनुकूल', 'अनुरूप' मधला अनु धरून चालणारा. अनुदान म्हणजे काहीतरी नियम धरून दिलेलं दान. दानाला हिशेब नसतो, अनुदानाला असतो, हा फरक त्या 'अनु'मुळे.

माजी कारकून
'अनुताप' पण मागाहूनच होतो हो.

सड्यावरचा
काय चाललंय? लोक 'ग्रँट' म्हणतात. 'ग्रँट आली', 'ग्रँट अडकली'. माझी आई चौथी शिकलेली, तीही म्हणते. तुम्ही संस्कृतच्या विहिरीत पोहरा सोडून बसा. 'ग्रँट मिळालेला गट' लिहा आणि मोकळे व्हा.

शब्दवेडी
आई 'ग्रँट' म्हणते कारण खात्याने तिला दुसरा शब्द कधी दिलाच नाही. आपल्याकडे शब्द नव्हते असं थोडंच आहे? देणगी, वर्गणी, इनाम, खैरात, बक्षीस, धर्मादाय. आणि प्रत्येकात देणारा कुठे उभा आहे ते दिसतं.

सड्यावरचा
इनाम अरबी, खैरात अरबी, बक्षीस फारसी. विहीर संस्कृतची नव्हती वाटतं.

आगरातली
मी दिवेआगरची. शब्दावरून आठवलं म्हणून लिहिते, लांबेल.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. ऐकायला बरं वाटलं. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, आणि आमचं आगर दहा गुंठ्यांचं, त्यातही सातबारावर चुलत्यांची नावं. म्हणजे पाच हजार, तेही वाटून. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. हा हिशेब ज्याने केला त्याने आगर बघितलेलं नसणार.

ती झाली 'भरपाई'. दुसरी आली ती 'मदत'. टेम्पो भरून कपडे. जुन्या साड्या, मुलांचे स्वेटर. जूनमध्ये, दिवेआगरात, स्वेटर! आम्हाला हवी होती खोडं कापायची करवत आणि कापणारी माणसं. कोणी विचारलंच नाही. एक मुलगा मात्र आला होता, हातात वही. म्हणाला, "काकी, काय लागेल ते सांगा, मी लिहून घेतो." चार दिवसांनी पेट्रोलवरची करवत आली, पाच घरांत मिळून एक. आमच्यात ती अजून 'वहीवाल्याची करवत' आहे. त्या मुलाने आम्हाला लाभार्थी म्हटलं की पार्टनर, काही आठवत नाही.

खाडीकाठ
ताई, मावशींचंही हेच होतं. नंतर चहावर म्हणाल्या, तौक्ते वादळाच्या वेळी बंदरात पंचनामा झाला नौकांचा आणि जाळ्यांचा. डिझेलचा परतावा मिळतो तो नौकामालकाला. पाटी घेऊन बसणारीचे दिवस बुडाले ते कुठल्या रकान्यात घालायचे? रकाना नाही म्हणून ती नाही.

तिठ्यावरचो
माझा म्हणणा, 'वर्गणी' हो शब्द धरा. देणगी देणारो देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव घालून जाता, वारो खाताना माका त्याचा नाव वाचूचा लागता. वर्गणी देणारो मीटिंगेक येता आणि भांडता. एकावन्न रुपये दिल्यान तरी हिशेब मागता. पैसे देणारे आणि घेणारे एकाच चटयेर बसतत, ह्या दुसऱ्या खयच्या शब्दात आसा? आमच्या मुंबई मंडळाची सगळी कामा तशीच झाली, चाकरमान्यांच्या वर्गणीतसून.

सड्यावरचा
'चाकरमानी' म्हणू नका आता. २०२५ च्या गणपतीआधी सरकारने 'कोकणवासीय' ठरवलंय.

तिठ्यावरचो
कोकणवासीय तर मी आसंय, हय तिठ्यार बसलेलो! तो मुंबयवासीय. चाकरमानी म्हटल्यार त्येका राग येता? माझ्या बापाशीन आयुष्यभर अभिमानान सांगल्यान, झिल चाकरमानी आसा म्हणान.

शब्दवेडी
चाकर म्हणजे नोकर, तो हिणवणारा आहेच. दिलेला शब्द आणि घेतलेला शब्द वेगळे. तुमच्या वडिलांनी घेतला, म्हणून गोड.

(यावर बावीस प्रतिसाद झाले, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. 'चाकरमानी'वरचं भांडण तिथे करावे. - संपादक)

हिशेबनीस
मूळ धाग्यावर येतो. पत्रकात 'पैसे पुढच्या गटाला वाटता येतील' असं कुठे असेल तर जपून. परदेशी निधी असेल तर त्याच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आलीये. 'प्रशासकीय' म्हटलं की सगळ्यांना एसी डोळ्यांसमोर येतो. वाडीवस्तीवर त्याचा अर्थ खूपदा हिशेब लिहिणारी एक मुलगी आणि तिचं एसटीचं भाडं. तिचा पगार द्यायला कोणी तयार नसतं, तिने लिहिलेले अहवाल मात्र सगळ्यांना हवे असतात.

खाडीकाठ
नाही, हा देशातलाच पैसा आहे. उलट यांची पद्धत बरी आहे. तीन वर्षं देतात, कशावर खर्चायचा ते गट ठरवतो, अहवाल तोंडी दिला तरी चालतो. पण त्यालाही शब्द नाही! 'अनिर्बंधित निधी' लिहिलंय. वाडीत मावशी त्याला 'मोकळे पैसे' म्हणाल्या.

आणि कोणाला द्यायचे हे पट्ट्यातल्याच लोकांची समिती ठरवणार. त्याला 'सहभागी अनुदान-निर्णय प्रक्रिया' लिहून मलाच धाप लागली.

सड्यावरचा
'मोकळे पैसे' फर्मास. दुसऱ्याला शब्द आहेच की: गावकी. गावकीत बसून ठरलं. रत्नागिरीत-रायगडात पोराला सांगितलं तरी कळेल.

आगरातली
गावकी नको. खरंच नको. गावकीत कोण बसतं? आमच्या गावाबाहेर कातकऱ्यांची वाडी आहे, वादळात त्यांची घरं पहिली उडाली आणि गावकीच्या यादीत ती शेवटी आली. विधवा बाई गावकीत बोलते कुठे? आणि याच गावक्यांनी लोकांना वाळीत टाकलं म्हणून २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

सड्यावरचा
दोष माणसांचा, शब्दाला का वाळीत टाकताय?

आगरातली
कारण पत्रक त्या कातकरी वाडीतही जाणार आहे. 'गावकी ठरवेल' एवढं वाचलं की ते तिथेच ठेवून देतील.

तिठ्यावरचो
ह्या बरोबर बोलली. वर्गणीचा पण तसाच आसा म्हणा. जो वर्गणी देऊक शकत नाय, तो चटयेर येना नाय.

माजी कारकून
मग 'धर्मादाय' परत आणा. आज ते धर्मादाय आयुक्तांच्या पाटीपुरतं उरलंय. 'दाय' म्हणजे वारशातला वाटा, दायाद, दायभाग यांतला. धर्मदाय म्हणजे धर्माने ठरलेला वाटा. म्हणजे घेणारा मागणारा नाही, वाटेकरी आहे! खाडीकाठ, घ्या तुमचा शब्द: वाटेकरी.

शब्दवेडी
काका, 'दाय' चा साधा अर्थ देणं, देणगी असाही आहे. शिवाय तुम्ही मधला काना गिळलात. धर्म + आदाय असेल तर? आदाय म्हणजे घेणं!

माजी कारकून
काना वाणी लोकांनी लावला. पूर्वी पेढीवर बिलामागे धर्मादाय कापायचे, घाईत लिहिताना लागला असणार.

शब्दवेडी
'असणार'!

हिशेबनीस
'वाटेकरी' कायद्याच्या दृष्टीने 'भागीदार' एवढाच धोक्याचा आहे, सांगून ठेवतो.

तिठ्यावरचो
अरे, शुक्रवार होऊन गेलो. छापल्यात काय शेवटी?

खाडीकाठ
छापलं. बऱ्याच ठिकाणी नामच काढून 'तुमचा गट' केलं. पान अकरावर एक 'लाभार्थी' राहून गेला, मावशींनी तो पेनाने खोडून पाठवलाय. वर काय लिहायचं ते त्यांनीही लिहिलेलं नाही.

आगरातली ताई, एक शंका. संस्थेचे पत्रकाचे संपादक विचारत होते, 'आगर' म्हणजे मिठाचं ना?

आगरातली
मिठाचं ते मिठागर! आमचं नारळी-पोफळीचं. मुंबईच्या संपादकांना सांगा, आमच्या आगरात मीठ शिरलं तर पोफळी जातात.

शब्दवेडी
पण दोन्हींचं मूळ 'आकर' असावं. आकर म्हणजे खाण, साठा…

सड्यावरचा
झालं सुरू.