सशाऐवजी गुरांचे डोळे

'प्राण्यांवर चाचणी केली नाही, तर रसायन डोळ्याला झोंबेल की नाही हे कळणार कसं?' या प्रश्नाबद्दल थोडं.

१९४४ पासून चालत आलेली ड्रेझ चाचणी सशावर व्हायची. एका डोळ्यात रसायन टाकायचं, दुसरा तुलनेला तसाच ठेवायचा, आणि पुढचे काही दिवस लाली-सूज बघून गुण द्यायचे. गुण माणसाच्या नजरेने, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचं एकमत होईलच असं नाही.

आता कत्तलखान्यातून गुरांचे डोळे आणतात. म्हणजे प्राणी अजिबात नाही असंही नाही, पण ते जनावर चाचणीसाठी मारलेलं नसतं. पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कापून दोन कप्प्यांच्या मधे बसवायचा. पुढून द्रव रसायन १० मिनिटं ठेवायचं, धुवायचं, आणि पडदा ३२ अंशांवर २ तास राहू द्यायचा. मग दोन गोष्टी मोजायच्या: पडदा किती धुरकटला, आणि पुढे ओतलेला फ्लुरोसीन रंग मागच्या कप्प्यात किती झिरपला. दोन्ही मिळून आकडा ५५ च्या वर गेला तर गंभीर इजा, ३ किंवा कमी असेल तर रसायनाचं 'डोळ्याला घातक' असं वर्गीकरण करायची गरज नाही.

गोची मधल्यांची. तिथे ही चाचणी काहीच निकाल देत नाही, दुसऱ्या चाचण्यांची जोड लागते. माझ्या मते हा तिचा प्रामाणिकपणाच. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे, पण कीटकनाशकं आणि औद्योगिक रसायनं त्या नियमात येत नाहीत.